माझ्या मुलीची असिस्टंट आणि शुक्रवारचं जेवण

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. हे वाक्य मी इतक्यांदा बोलते की हल्ली माझा नवराच ते माझ्याआधी बोलून मोकळा होतो. बोलू दे. माझे वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते, आई सुकी मासळी विकायची, आणि मी रत्नागिरीला एस.टी.नं जाऊन-येऊन बी.कॉम. झाले. लग्न करून कुवेतला आले तेव्हा मात्र माझी डिग्री कुणी विचारली नाही. नवरा इथलाच, अरब. त्याची आजी आमच्या किनाऱ्यावरची, तिच्या नात्यातून हे स्थळ आलं होतं. सासरी एकच प्रश्न झाला, भात मोकळा होतो का.

म्हणून माझ्या मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला त्या दिवशी मी क्लिनिकमध्ये, जिथं मी हिशेब बघते तिथं, सगळ्यांना बकलावा वाटला. ‘लग्न ठरलं का?’ असं दोघींनी विचारलं. म्हटलं, त्याहून मोठं काम झालंय.

मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. उजव्या हातानं ती खुर्चीची कळ फिरवते आणि घरभर सुसाट जाते, पण उठवणं, अंघोळ, बाथरूम, जेवण, सगळ्याला दुसऱ्याचे हात लागतात. बोलणं स्वच्छ आहे, सावकाश आहे. तिचं वाक्य संपायच्या आत लोक ते स्वतःच पुरं करतात, आणि बहुतेक वेळा चुकीचं. शाळेत मदतीला बाई होती, घरी मी होते. कॉलेजात तशी सोय नव्हती. मी जाऊन बसावं तर नोकरी सुटली असती, आणि एकोणीस वर्षांच्या कुठल्या मुलीला वर्गात शेजारी आई हवी असते? तेव्हा कॉलेज सुरू व्हायच्या आत तिच्यासोबत जाणारं स्वतःचं माणूस हवं होतं. ते मिळालं नाही तर प्रवेश घेऊन ती घरातच बसणार होती.

पैशाची सोय होती. मुलगी बापाकडून इथली नागरिक, त्यामुळे सरकारकडून तिला महिन्याला भत्ता येतो, आणि त्यात मदतनिसासाठी वेगळा भाग असतो. इतकी वर्षं तो नवऱ्याच्या खात्यात पडत होता. तिथून तो घरात मिसळायचा, जसं डाळीत पाणी मिसळतं. एसी दुरुस्त झाला त्यातून, दिराच्या लग्नाचं काहीतरी झालं त्यातून. चोरी कुणी केली नव्हती. कुणी विचारच केला नव्हता.

मी नवऱ्याला म्हटलं, ‘आता हे पैसे तिच्या खात्यात जायला हवेत.’

‘माझ्यावर विश्वास नाही?’

‘आहे ना. म्हणूनच तुमच्याबरोबर बँकेत जायचं म्हणतेय. नाहीतर एकटी गेले असते.’

तो हसला. माझा नवरा भला माणूस आहे. त्याची एकच खोड, ज्या कामात आईला वाईट वाटेल ते काम तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. या कामात आईचा संबंध नव्हता म्हणून लवकर झालं. बँकेतला माणूस सगळं माझ्याशी बोलत होता. मुलगी म्हणाली, ‘खातं माझं आहे.’ त्यानं मान डोलावली आणि पुन्हा माझ्याशी बोलू लागला. ती पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा त्यानं खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. मी मध्ये पडले नाही, जीभ दाताखाली धरून बसले. मला ते जमत नाही, पण जमवलं.

मग माणूस शोधणं. एगैला भागातल्या आमच्या घरी चारेक बायका येऊन गेल्या. कुणी मुलीकडे न बघता मला विचारलं, ‘खाते का नीट?’ कुणी तिच्या गालाला हात लावला. मुलीनं सगळ्यांना नकार दिला आणि मी आतून हबकले, कारण दिवस जात होते. शेवटी एक श्रीलंकेची बाई आली. पस्तिशीची, अरबी उत्तम, हिंदी कामापुरती. आधीच्या घरी एका म्हाताऱ्या बाईंचं सगळं करत होती. त्या गेल्या, म्हणून मोकळी झालेली. मी प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर मुलीनं मला थांबवलं.

‘मला राग येतो. खूप. मग?’ तिनं विचारलं.

बाई म्हणाली, ‘मलाही येतो. मी बोलत नाही तेव्हा समजायचं, रागात आहे.’

‘किती वेळ बोलत नाहीस?’

‘माणूस बघून.’

मुलगी खो-खो हसली. बाई तिथंच ठरली. मुलीनं एकच अट सगळ्या घराला घातली: हिला खद्दामा म्हणायचं नाही. खद्दामा म्हणजे इथं घरकामाची बाई. ‘ही माझी असिस्टंट आहे,’ ती म्हणाली, आणि आम्ही सगळे तसंच म्हणू लागलो. नवरासुद्धा. शब्द बदलायला कुणाचं काही जात नाही, हे मला नंतर कळलं.

आता शुक्रवारचं सांगते. शुक्रवारी दुपारी सासूबाईंकडे, आमच्या शब्दांत मोठ्या घरी, सगळे मुलगे, सुना, नातवंडं जेवायला जमतात. ताप असला तरी जायचं. परातीएवढ्या ताटांत मच्बूस, म्हणजे मसाल्याचा भात आणि वर बकऱ्याचं मांस, आणि माणसं किती ते मोजायची सोय नाही. रिवाज असा की प्रत्येक सुनेनं आपल्या घरची कामवाली सोबत आणायची. त्या सगळ्याजणी सरळ स्वयंपाकघरात जातात, सगळ्या घरांचं काम मिळून उरकतात, आपापसांत हसतात, भांडतात, पानं मांडतात, भांडी घासतात. सुना हॉलमध्ये. मी इतकी वर्षं तिथं बसले आहे, मला यात वावगं काही दिसलं नव्हतं. उलट बरं वाटायचं. कुणा एकीच्या अंगावर सगळं पडत नाही.

पहिल्या शुक्रवारी आम्ही गेलो. असिस्टंटनं मुलीची खुर्ची हॉलमध्ये खिडकीशी लावली, आणि माझी मोठी जाऊ स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, ‘अगं, तुमची नवी मुलगी कुठाय? इकडे पाठव, पातेलं उचलायचंय.’ असिस्टंटनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती आत गेली. सोपं होतं. पुढचे शुक्रवारही तसेच गेले. मुलगी काही बोलली नाही. मला वाटलं, बहिणी-भावंडांत तिचं छान चाललंय.

कॉलेजला दीडेक महिना राहिला असताना भत्त्याच्या नूतनीकरणासाठी सरकारी खात्यातून एक बाई घरी आल्या. नाकावर चष्मा, हातात टॅब, चहा नको, खजूर चालेल. मी सगळं मांडून ठेवलं होतं: बँकेचं, डॉक्टरांचं, असिस्टंटच्या पगाराचं. बी.कॉम. आहे, कागद लावून ठेवायला मला शिकवावं लागत नाही. बाईंनी माझ्या फायलीकडे नीट बघितलंही नाही. त्या मुलीसमोर बसल्या.

‘ही तुझ्यासाठी काय काय करते?’

मुलीनं सांगितलं. उठवते, अंघोळ घालते, सावकाश भरवते, लॅपटॉप लावते, बाथरूमला नेते.

‘रोज?’

‘शुक्रवार सोडून.’

‘शुक्रवारी हिची सुट्टी असते?’

‘नाही. शुक्रवारी ती आजीच्या स्वयंपाकघरात असते.’

‘मग बाथरूमला?’

‘गुरुवारी रात्रीपासून मी पाणी पीत नाही,’ मुलगी म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. बसचं वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं.

बाईंनी टॅब मांडीवर उलटा ठेवला. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं होतं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘हे पैसे त्या स्वयंपाकघरासाठी नाहीत. महिन्याभरानं मी फोन करीन. तुम्हाला नाही, हिला.’ आणि बोट मुलीकडे केलं. ‘हिनं तेव्हाही हेच सांगितलं, तर मदतनिसाचा भाग मला थांबवावा लागेल. मग कॉलेजचं तुम्ही बघा.’

त्या गेल्यावर मी मुलीला म्हटलं, ‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर तू स्वतः न्यायला आली असतीस. आणि तूच तर मान हलवलीस, मम्मा.’

तिचं मूत्रपिंडाचं दुखणं दोनदा होऊन गेलेलं होतं. डॉक्टर म्हणायचे, पाणी भरपूर पाजा, आणि मी गावभर सांगत फिरायची, माझी मुलगी बघा कशी शहाण्यासारखी पाणी पिते. असो. रडायला वेळ नव्हता. शुक्रवार तीन दिवसांवर होता.

आईला फोन केला. ती म्हणाली, ‘काय गो, सासूशी भांडायला तुला आत्ता अक्कल आली? वीस वर्षं गेली की!’

‘भांडायचं नाहीये मला. सांगायचंय.’

‘तेच गो ते. फक्त आवाज लहान ठेव.’

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘पुढच्या आठवड्यात मी आईशी निवांत बोलतो.’ म्हटलं, ‘नको. तुम्ही फक्त गाडी चालवा.’

शुक्रवारी निघताना मुलीला मी स्वतः दोन पेले पाणी पाजलं. ती माझ्याकडे संशयानं बघत होती. ‘पी,’ म्हटलं, ‘आज जायला लागलं की जायचं.’ असिस्टंटला सांगितलं, ‘तू हिच्याजवळून हलायचं नाही. कुणीही बोलावलं तरी.’

‘मोठ्या मॅडमनी बोलावलं तरी?’

‘तेव्हा तर मुळीच नाही.’

ती गप्प झाली. मला वाटलं, रागावली की काय. मग लक्षात आलं, घाबरली होती. सासूबाईंच्या घरात त्यांच्या शब्दाला ‘नाही’ म्हणायचं, आणि तेही तिनं. तिचा व्हिसा, तिचं पोट, सगळं आमच्या घराच्या नावावर. तिला पुढं करून मी मागं राहणं बरोबर नव्हतं.

म्हणून हॉलमध्ये शिरल्या शिरल्या मी सासूबाईंच्या हाताचं आणि कपाळाचं चुंबन घेतलं आणि म्हणाले, ‘यम्मा, ही आजपासून आत जाणार नाही. ही मुलीच्या कामासाठी आहे.’

सासूबाई सत्तरीच्या पुढच्या, नातवंडांसकट सगळ्यांच्या यम्मा, म्हणजे आई. गुडघे गेलेत, आवाज शाबूत आहे. ‘कुणाच्या कामासाठी आहे ते मला माहीत आहे,’ त्या म्हणाल्या. ‘मुलगी इथं बसलीय, टीव्ही बघतेय. काम काय तिथं?’

मोठी जाऊ सोफ्यावरून म्हणाली, ‘सगळ्यांच्या कामवाल्या राबतात आणि तुमची राणी बसून राहणार. माझी म्हणेल मग, मीही असिस्टंट आहे!’

हॉल हसला. मीही हसले असते एरवी.

‘वाटा तर सगळ्यांनी उचलायला हवा,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तुझ्या घरचं कोण जाणार आत?’

‘मी जाते,’ म्हटलं.

वरचा काळा अबाया काढून खुंटीला लावला, बाह्या वर केल्या आणि आत गेले. चार घरच्या बायका, एक इथिओपियाची, दोघी फिलिपिनो, एक आपल्या आंध्रची, हातातलं टाकून उभ्या राहिल्या. आंध्रवाली हिंदीत म्हणाली, ‘मॅडम, कुछ चाहिए?’ म्हटलं, ‘पातेलं कुठलं उचलायचंय?’ त्यांना वाटलं मी तपासणीला आलेय. एकीनं तर घाईघाईनं ओटा पुसायला घेतला. मी सरळ नळाखाली ढिगातली भांडी घ्यायला लागले. लहानपणी मासळीच्या पाट्या घासलेल्या हाताला ती भांडी काय अवघड? पण तळाशी लागलेला भात खरवडताना माझ्या मनात जे चाललं होतं ते मच्बूसचं नव्हतं. मी मनात म्हणत होते, महिना संपायच्या आत हा प्रश्न सुटला पाहिजे. भांडी घासून सुटत असेल तर दर शुक्रवारी घाशीन.

थोड्या वेळात काठीचा आवाज आला. सासूबाई दारात.

‘बाहेर ये.’

‘झालं की येते, यम्मा.’

‘माझ्या मुलाची बायको, कामवाल्यांमध्ये उभी राहून भांडी घासते. शेजारी काय म्हणतील?’

‘आमच्या घरचं एक माणूस हवं होतं ना. आले.’

‘तू शिकलेली आहेस,’ त्या म्हणाल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून ते ऐकलं, आणि ते असं, भांड्यांच्या ढिगाऱ्यासमोर. मला हसू आलं. ‘म्हणूनच,’ म्हटलं. ‘मुलीलाही शिकायचंय. तुम्हाला माहीत आहे का, तुमच्याकडे यायचं म्हणून ती गुरुवारपासून पाणी पीत नाही? बाथरूमला न्यायला कुणी नसतं म्हणून.’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वळल्या आणि काठी आपटत हॉलमध्ये गेल्या. मी हात पुसत मागोमाग.

त्या नातीसमोर जाऊन बसल्या. ‘खरं?’

मुलीनं सावकाश सांगायला घेतलं. मोठ्या जावेनं मधेच वाक्य पुरं करायला तोंड उघडलं, तर सासूबाईंनी काठी तिच्या दिशेनं वर केली. ‘तिला बोलू दे.’

‘खरं,’ मुलगी म्हणाली. ‘आणि यम्मा, अजून एक. शुक्रवार माझ्या असिस्टंटची सुट्टी असणार. कायद्यानं एक दिवस तिचा आहे. तिला खैतानला बहिणीकडे जायचं असतं.’

हे मलाही नवीन होतं. असिस्टंट खिडकीकडे बघत होती.

‘मग तू काय पाणी न पिता बसणार?’

‘नाही. या चौघी आहेत ना.’ मुलीनं हनुवटीनं चुलत बहिणींकडे खूण केली. त्या सोफ्यावर मोबाइल घेऊन बसल्या होत्या. ‘त्यांना मी शिकवीन कसं उचलायचं. सवय नसली की दोघी लागतात. जमलं तर मी येईन. नाही जमलं तर शुक्रवारी मी घरीच.’

शुक्रवारी घरीच! मोठ्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. नवरा कारपेटकडे बघत राहिला. सासूबाईंनी चौघींवर नजर फिरवली. त्यांच्या बोटांना लांबच लांब, चकाकणारी नखं. एकीची तर निळी, वर खडे लावलेली.

‘नखं,’ सासूबाई म्हणाल्या. ‘कापा.’

‘यम्मा! कालच लावलीत, किती पैसे...’

‘कापा. तिला ओरखडे काढाल.’

निळ्या नखांची रडकुंडीला आली. पण जेवणाआधी चौघींतल्या दोघी, ती धरून, बाथरूमच्या दारात उभ्या होत्या आणि माझी मुलगी खुर्चीतून हुकूम सोडत होती, ‘पाठीमागून नाही, काखेतून. एक, दोन... अगं, तीनवर म्हटलं होतं मी!’ आतून किंचाळणं आणि हसणं ऐकू आलं. कुणी पडलं नाही. मोठी जाऊ माझ्याजवळ येऊन पुटपुटली, ‘तुझ्या मुलीनं आमच्या मुलींना कामाला लावलं.’ म्हटलं, ‘शिकतील. उपयोगी पडेल.’

त्यानंतर सगळं सरळ झालं असं नाही. एका शुक्रवारी चौघींतली एकही आली नाही, तेव्हा आम्ही जेवण अर्धं टाकून घरी परतलो, कारण तिथं मुलीनं माझ्या हातून बाथरूमला जायला नकार दिला. म्हणाली, ‘तू आलीस की सगळं पुन्हा तुझ्यावर येणार.’ सासूबाई चिडल्या. कुणावर, ते पुढच्या शुक्रवारी चौघी वेळेवर हजर झाल्या तेव्हा कळलं. महिन्याभरानं सरकारी बाईंचा फोन आला. मुलीनं दार लावून घेतलं. काय बोलली मला माहीत नाही. भत्ता चालू राहिला.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी मी क्लिनिकमधून रजा घेतली होती. चांगला अबाया घातला, अत्तर लावलं, पर्स काखेत मारून गाडीशी उभी राहिले. असिस्टंटनं खुर्ची आत चढवून पट्टे आवळले.

‘तू कुठं?’ मुलीनं विचारलं.

‘पहिला दिवस आहे. सोडून येते फक्त.’

‘मम्मा, तुला कॉलेजात पहिल्या दिवशी कोण सोडायला आलं होतं?’

कुणी नाही. एस.टी.नं गेले होते, एकटी, कंडक्टरला दोनदा विचारून. ड्रायव्हरनं दार लावलं. मी आत येऊन चप्पल काढली.

रजा होतीच, म्हणून मासळी आणायला गेले. पापलेट चांगलं मिळालं. दुपारी त्या दोघी परत आल्या तेव्हा माझे हात मसाल्यात होते. मुलगी दमलेली, केसांत धूळ, पण बडबड थांबेना: कुठला उतार जास्त तिरका आहे, कुठल्या वर्गाचं दार अरुंद आहे, कुणी तिला दुसऱ्या दिवशीही भेटायचं म्हटलंय. असिस्टंट दारात बूट काढत होती.

मी सवयीनं तिला म्हटलं, ‘बाई, जरा चार कांदे सोलून देशील? माझे हात भरलेत.’

असिस्टंटनं माझ्याकडे बघितलं नाही. मुलीकडे बघितलं.

‘मम्मा,’ मुलगी म्हणाली, ‘ती सकाळपासून माझ्याबरोबर आहे. आता तिची तासाभराची सुट्टी. आणि नंतर काही हवं असेल तर मला विचार.’

नवरा दिवाणखान्यातून म्हणाला, ‘घराण्यातली दुसरी पदवीधर व्हायला निघालीय.’

‘तुम्ही गप्प बसा,’ म्हटलं, ‘आणि या इकडे, कांदे सोला.’

तो आला. इतक्या वर्षांत त्याला कांदा कधी धरता आला नव्हता. सुरी उलटी धरली. मी हात धुतले, सुरी सरळ करून दिली आणि दोन कांदे माझ्याकडे ओढून घेतले.